टाळकं सटकतं तेव्हा नेमकं काय होतं?

मुंबईच्या लोकलमध्ये, तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून झालेल्या हाणामारीचा व्हिडिओ दर थोड्या दिवसांनी मोबाइलवर येऊन पडतो. माणसं बदलतात, डबा बदलतो, बाकी सगळं तेच. बघणाऱ्यांचं बोलणंही ठरलेलं असतं: शिकलेसवरलेले दिसतात, संस्कार कुठे गेले, आणि एवढ्याशा गोष्टीवरून?

यातला शेवटचा प्रश्न खरंच विचारण्यासारखा आहे. ज्याचा तोल गेला तो माणूस बहुधा वर्षभर त्याच गाडीने, त्याच गर्दीत, धक्के खात गुमान गेलेला असतो. मग त्याच दिवशी काय बिनसलं? आणि हे लोकलपुरतं नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये चूक दाखवली आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. पोराने दूध सांडलं आणि आई अशी ओरडली की तिचं तिलाच धस्स झालं. नवरा-बायकोच्या वादात एकाची वाचाच बसली. राग, रडू आणि सुन्न होणं दिसायला वेगवेगळं असलं, तरी आतली यंत्रणा बरीचशी एकच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करताना या अवस्थेसाठी 'फ्लडिंग' हा शब्द वापरला. आपण सरळ 'पूर' म्हणू. भावना एवढी चढते, की ऐकून घेणं आणि विचार करणं काही काळ जवळजवळ बंद पडतं, तो पूर.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पूर आधी शरीरात येतो आणि ओसरायला वेळ घेतो. त्या वेळात कुणाला शहाणपण शिकवणं, अगदी स्वतःलाही, फुकट जातं.

आधी शरीर, मागून आपण

कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, मेंदूत बदामाएवढा एकेक पुंजका असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. समोर जे घडतंय त्यात आपल्याला धोका आहे का, हे तो सतत चाचपत असतो. जोसेफ लडू या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की डोळ्या-कानांकडून येणारी खबर या पुंजक्याकडे दोन वाटांनी पोचते. एक वाट लांबची. ती मेंदूच्या विचार करणाऱ्या थरांतून, नीट छाननी होऊन येते. दुसरी जवळची, पण ढोबळ. जवळच्या वाटेची खबर आधी पोचते, त्यामुळे काय झालं हे पुरतं कळायच्या आत शरीर कामाला लागलेलं असतं.

मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठतात, पोटाचं काम मंदावतं. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये ही 'लढा नाहीतर पळा' अशी तयारी असल्याचं मांडलं. पुढे त्यात थिजून जाण्याचीही भर पडली. नेमकं याच वेळी कपाळामागचा भाग, जिथे तोलून-मापून बोलण्याचं काम चालतं, तो ढेपाळतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. ताणात मेंदूत वाढणारी रसायनं या भागातल्या पेशींचे परस्परसंबंध तात्पुरते कमकुवत करतात. भांडणातलं बिनतोड उत्तर नंतर आंघोळ करताना सुचतं, ते यामुळेच.

हल्ली रील्समधून 'तुमच्यातला सरड्याचा मेंदू जागा होतो' असं सांगितलं जातं. मेंदूच्या तळाशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा जुना थर तसाच शिल्लक आहे, ही कल्पना मेंदूशास्त्राने कधीच मोडीत काढली आहे. अमिग्डलाला 'भीतीचं केंद्र' म्हणायला तर खुद्द लडू यांचाच आक्षेप आहे, कारण भीती वाटण्याच्या अनुभवात मेंदूचे इतर अनेक भाग सामील असतात. 'कोणतीही भावना ९० सेकंदांत ओसरते' हा नियमही असाच हातोहात फिरतो. ॲड्रिनलिनचा जोर काही मिनिटांत उतरतो हे खरं. पण त्याच्या मागून कॉर्टिसोल नावाचं दुसरं संप्रेरक सावकाश चढत असतं आणि त्याची पातळी वीस ते तीस मिनिटांनी कळसाला पोचते. शिवाय 'तो मला असं म्हणालाच कसा' हे आपण मनात घोळवत राहिलो, तर प्रत्येक उजळणीला शरीर नव्याने पेटतं. भांडण मिटलं असं वाटत असताना पाचव्या मिनिटाला चहाच्या कपावरून पुन्हा भडका उडतो, त्यात नवल काही नाही.

एवढ्याशा गोष्टीवरून का?

हे मुंबईकराला समजावायला भरती पुरेशी आहे. शहरातलं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. समुद्राला साडेचार मीटरच्या वरची भरती आली, की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात. आतलं पाणी बाहेर पडत नाही, उलट समुद्रच आत शिरू नये म्हणून काही ठिकाणी दरवाजे बंद करावे लागतात. त्या वेळी जोराची सर आली, की दादरचं हिंदमाता भरलंच म्हणून समजा. तीच सर ओहोटीला आली असती तर थोड्या वेळात वाहून गेली असती आणि तिची आठवणही राहिली नसती.

सीटवरचा धक्का ही सर. आपल्या आत पाणी आधीच कुठवर चढलंय, ही भरती. अपुरी झोप, सकाळपासून रिकामं पोट, दुखणारी कंबर, घामाने चिकटलेला शर्ट, थकलेला हप्ता, इस्पितळात असलेले वडील, पाळी यायच्या आधीचे दिवस, आदल्या रात्रीची दारू, यातलं काहीही पाणी चढवू शकतं. झोपेचं तर मोजलेलं आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली. नीट झोपलेल्यांपेक्षा त्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती, आणि कपाळामागच्या भागाशी असलेली जोडणी सैल पडली होती. पहाटे चारला उठून डबे करणारी आणि रात्री बाराला पाठ टेकणारी बाई पोरांवर खेकसते, तेव्हा तिच्या स्वभावाबद्दल मत बनवण्याआधी तिची झोप मोजावी.

काहींच्या आत पाणी कायमच वर असतं. लहानपणी घरात मारहाण पाहिलेली असते, एखादा आघात झालेला असतो, किंवा जन्मतःच मज्जासंस्था जरा हळवी असते. उलट बाजूने, काही पाऊस असा असतो की भरती-ओहोटीचा प्रश्नच उरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठलीच गटारं पुरली नसती. घरातलं माणूस अचानक गेलं तर कोसळणं हा दोष नव्हे, आणि तिथे 'भावना आवरा' हा सल्ला द्यायचाच नसतो.

महापालिका दर पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी काढते. तशी यादी आपलीही करता येते, आणि ती बहुतेकांना मनातून ठाऊक असते: महिनाअखेर, रात्रपाळीनंतरचा दिवस, दहावी-बारावीच्या निकालाचा आठवडा. त्या दिवशी घराच्या वाटणीचा विषय काढायचा नाही. ऑफिसातून आल्या आल्या, चपला काढत असतानाच खर्चाचा हिशेब मागायचा नाही. यात मानसशास्त्र फारसं नाही, पण सगळ्या उपायांत हाच सगळ्यात स्वस्त आणि हाच सगळ्यात कमी वापरला जातो.

पाणी चढत असताना

पहिलं काम ओळखण्याचं. कान तापतात, जबडा आवळला जातो, आवाज चढतो, आपण तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणत असतो. गॉटमन यांच्या निरीक्षणात नाडी मिनिटाला शंभरच्या आसपास गेली, की माणूस समोरच्याचं ऐकण्याच्या पलीकडे जातो. घड्याळात नाडी दिसत असेल तर उत्तम, नाहीतर छातीवर हात पुरतो.

मग शरीराकडे वळायचं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, ते सहाच्या आसपास आणायचे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते, त्या उतरणीला लांबवायचं इतकंच यामागचं गणित. काहींना घाबरलेलं असताना श्वासाकडे लक्ष दिलं, की आणखी गुदमरल्यासारखं होतं. त्यांनी तो नाद सोडावा. डब्यातली कडी घट्ट धरावी, तळपाय जमिनीवर दाबावेत, समोरच्या पाट्या वाचाव्यात.

गार पाणी हा दुसरा उपाय. श्वास रोखून कपाळावर आणि डोळ्यांभोवती गार पाणी लागलं, की नाडी मंदावते. पाण्यात सूर मारणाऱ्या प्राण्यांत असते तीच ही प्रतिक्षिप्त क्रिया. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहन यांनी अनावर भावनांसाठी जी उपचारपद्धती बांधली, तिच्यात हे अधिकृतपणे शिकवतात. प्लॅटफॉर्मवरच्या स्टॉलची गार बाटली आणि रुमाल एवढ्यावर भागतं. हृदयविकार असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच.

आणि तिसरं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं. राजीनाम्याचा मेल, घरच्या ग्रुपवरचा लांबलचक मेसेज, 'आजपासून तुझा-माझा संबंध संपला' हे सगळं उद्या सकाळीही पाठवता येतं. खरं असेल तर उद्याही खरंच असेल. याचा बेत शांत असताना आधीच करून ठेवावा लागतो: 'आवाज चढला की मी आधी पाणी प्यायला उठेन.' ऐन वेळी विचार सुचत नाही, पण आधी ठरवलेली, घोटलेली कृती हात आपोआप करतो.

'उठून जायचं कुठे? घर दहा बाय बाराचं'

प्रश्न रास्त आहे. परदेशी पुस्तकांत भांडण तापलं की माणूस दुसऱ्या खोलीत जातो. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची, तिथे दुसरी खोली म्हणजे मोरी. पण चाळीने याची सोय आपल्या पद्धतीने केलेलीच होती. गॅलरीचा कठडा, जिना, गच्ची, नाका. टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना उलट लिफ्टने खाली उतरून आवारात दोन फेऱ्या माराव्या लागतात.

जागेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सांगून जाणं. न बोलता दार आपटून गेलात, तर मागे राहिलेल्याला ते टाकून जाण्यासारखं वाटतं आणि पूर त्याच्याकडे सरकतो. 'आत्ता माझ्याच्याने बोलवत नाही, अर्ध्या तासाने बसू' एवढं सांगावं, आणि अर्ध्या तासाने खरंच बसावं. दुसरी अर्धी अट पाळली नाही, तर पहिलीवर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही. गॉटमन यांनी काही जोडप्यांचं भांडण मध्येच थांबवून त्यांना वीसेक मिनिटं मासिकं चाळायला दिली होती. नाडी उतरल्यावर तीच माणसं त्याच विषयावर बऱ्यापैकी बोलली. मासिकं चाळणं यात महत्त्वाचं आहे. गच्चीवर जाऊन बहिणीला फोन लावून तीच कैफियत मांडली, तर विश्रांती झालीच नाही.

'पण मनातलं ओकून टाकलं की मोकळं वाटतं ना?'

वाटतं. पण राग उतरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं, मग काहींना ज्याने चिडवलं त्याची आठवण काढत ठोशांच्या पिशवीवर गुद्दे मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. गुद्दे मारणारे जास्त चिडलेले आणि जास्त आक्रमक निघाले. २०२४ मध्ये याच विषयावरच्या १५४ अभ्यासांचा, म्हणजे दहा हजारांवर माणसांचा, एकत्रित आढावा आला. श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा शरीराची धग कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो. धग वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही, आणि धावण्याने तर तो वाढल्याचंही दिसलं. व्यायाम वाईट नाही, झोपेसाठी आणि एकूण तब्येतीसाठी तो उत्तमच. पण संतापाच्या त्या क्षणी ट्रेडमिलवर चढणं हा उतारा नव्हे.

हल्ली पैसे घेऊन बाटल्या-थाळ्या फोडायला देणाऱ्या खोल्या निघाल्या आहेत. करमणूक म्हणून जायचं तर जा.

'मग काय, गिळून बसायचं?'

तेही नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात लोकांना किळसवाणे किंवा दुःखी चित्रफितींचे तुकडे दाखवले आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे कोरे राहिले. आत वाटणारा त्रास मात्र फारसा घटला नाही, आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. २००३ च्या एका प्रयोगात तर बोलताना एकीने भावना दाबून ठेवल्या, की समोर बसलेल्या दुसरीचाही रक्तदाब चढला. 'मी काहीच बोलत नाहीये ना' म्हणत तोंड मिटून वावरणाऱ्या माणसाबरोबर घरातल्यांचा जीव का कावतो, ते यावरून ध्यानात यावं.

ओकणं आणि गिळणं यांच्या मधली वाट म्हणजे नाव घेणं. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात, फोटोतल्या चेहऱ्यावरची भावना शब्दांत ओळखायला लावली, तेव्हा पाहणाऱ्याच्या अमिग्डलाची हालचाल मंदावली. जेवढं नेमकं सांगाल तेवढं पुढचं सोपं होतं. 'डोकं फिरलंय' यातून काहीच हाती लागत नाही. अपमान वाटतोय, की धास्ती आहे, की नुसतीच दमणूक? साहेबांवरचा राग नीट पाहिला तर पुष्कळदा नोकरी जाण्याची धास्ती निघते, आणि धास्तीवर करायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

'पण माझं म्हणणं बरोबर असेल तर?'

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. मन शांत ठेवा असं सांगणारे पुष्कळदा ज्याच्यावर अन्याय होतोय त्यालाच सांगत असतात. सून चिडते, सासू चिडवते, सल्ला सुनेला. बारा तास राबवून घेणारी कंपनी कर्मचाऱ्यांना तणावमुक्तीचं शिबिर देते. पूर आवरणं म्हणजे परिस्थिती मान्य करणं, असं ज्याला वाटेल त्याने हे सगळं झटकून टाकावं, आणि त्याचं बरोबर असेल.

मला अभिप्रेत आहे ते वेगळं. राग खरा असू शकतो आणि तरीही पुराच्या क्षणी त्याची बाजू फार वाईट मांडली जाते. त्या अर्ध्या तासात आपण मुद्दा सोडून समोरच्याच्या आईबापावर घसरतो. मग चर्चा आपल्या भाषेवर होते, मूळ अन्याय बाजूला राहतो, आणि समोरच्याला तेच हवं असतं. तारखेवार नोंद ठेवणं, युनियनकडे जाणं, तक्रार लिहिणं, घर सोडायचं ठरवणं, ही सगळी कामं शाबूत डोक्याची आहेत. जिथे मारहाण होते तिथे तर स्वतःचं मन आवरणं हा उपायच नव्हे. तिथे सुरक्षित जागी जाणं पहिलं.

पाणी ओसरल्यावर

आता विचारांची पाळी. १९५० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती मुंबईत कि. मो. फडके यांनी रुजवली आणि मराठी वाचकांपर्यंत नेली. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थच्या डॉ. आनंद नाडकर्णींच्या लेखनातून आणि व्याख्यानांतूनही ती अनेकांना ओळखीची आहे. तिचं म्हणणं असं, की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला एक समज उभा असतो. सीटवरचा माणूस सरकला नाही, ही घटना. 'माणसांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे, नाही वागले तर मला सहन होणार नाही', हा समज. संताप त्या समजातून येतो. 'नीट वागले तर बरं, नाही वागले तर वाईट वाटेल, पण दादर येईपर्यंत उभं राहता येईल' असं म्हटलं, तर वाईट वाटणं उरतं आणि हात उगारणं टळतं.

हे वाचायला सोपं आहे आणि करायला किचकट. म्हणूनच वेळ महत्त्वाची. भडकलेल्या माणसाला त्याचे समज तपासायला लावले, तर तो तुम्हालाच तपासेल.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं'

होतं. काहींच्या अंगात यायचं, काहींची दातखीळ बसायची, काही जण दारू प्यायचे, आणि बहुतेक घरांत एक माणूस असा असायचा की तो घरी आला की सगळे गप्प व्हायचे. त्याला 'तापट स्वभाव' म्हणत आणि सगळं घर त्याच्या कलाने चालत असे.

डॉक्टरकडे कधी जायचं

पूर कुणालाही येतो. आठवड्यातून अनेकदा येत असेल, ओसरायला दिवस लागत असतील, नोकरी किंवा नाती तुटत असतील, त्या भरात स्वतःला इजा करावीशी किंवा जगू नये असं वाटत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. यामागे नैराश्य, चिंतेचे विकार, जुना आघात, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) किंवा थायरॉइडसारखं शारीरिक कारणही असू शकतं, आणि त्या प्रत्येकाचा उपचार निराळा. छातीत दुखून घाम फुटला, तर 'पॅनिक असेल' असं घरच्या घरी ठरवू नका. आधी हृदय तपासून घ्या.

मुंबईत केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. रांग लांब असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखीच मानसिक आजारांसाठीही विम्याची सोय ठेवणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा आपली पॉलिसी एकदा काढून वाचावी.

पहिल्या भेटीत वेळ थोडा मिळतो आणि ऐन वेळी आठवत नाही. म्हणून गेल्या महिन्यातले तीन-चार प्रसंग कागदावर लिहून न्या: काय घडलं, त्याच्या आदल्या रात्री झोप किती झाली होती, अंगात काय झालं, ओसरायला किती वेळ लागला. चालू असलेल्या गोळ्यांची नावं, रक्तदाबाची आणि आयुर्वेदिकसुद्धा, त्याच कागदाच्या मागे लिहा.